तळघरातील अग्नी

मुलाच्या अमेरिकेतील घरात पाऊल टाकल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "घर एवढं उबदार आहे, मग आग कुठं आहे?"

२०१८ सालचा नोव्हेंबर महिना होता. सुनेचे बाळंतपण डिसेंबरात व्हायचे होते, म्हणून अण्णा आणि आक्का सांगली जिल्ह्यातील आपले गाव सोडून सहा महिन्यांसाठी शिकागोजवळच्या उपनगरात आले होते. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती आणि घरात मात्र अंगावर स्वेटरही नकोसा वाटावा अशी ऊब होती. शेगडी दिसत नव्हती, धूर नव्हता, निखारा नव्हता. जमिनीत बसवलेल्या जाळ्यांतून मधूनमधून गरम वारा येई आणि आपोआप थांबे. मुलाने हसून भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवले. अण्णांचे तेवढ्याने समाधान झाले नाही.

"हे बटण झालं. आग कुठं आहे ते दाखव."

अखेर मुलाने त्यांना तळघरात नेले. एका कोपऱ्यात लहानशी बंद खोली होती. तिच्यात कपाटाएवढी पत्र्याची पेटी उभी होती आणि शेजारी पाणी तापवण्याची उंच टाकी. दोन्हींचे धुराडे वर जाऊन एकाच चिमणीला मिळत होते. पेटीच्या छोट्या काचेतून निळ्या ज्वालांची ओळ दिसली तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर ओळखीचे माणूस भेटल्याचा भाव उमटला.

ते साहजिकच होते. अण्णांनी चौतीस वर्षे एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर-हाऊसमध्ये काढली होती. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जाळून वाफ तयार करायची आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालायचा. चिमणीतून निघणाऱ्या धुराचा रंग पाहून भट्टीला हवा कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे अण्णा अंगणात उभे राहून सांगू शकत. आगीकडे पाहण्याचे वळण मात्र त्यांना कारखान्यापूर्वीच लागले होते. त्यांची आई चुलीत सरपण घालण्यापूर्वी प्रत्येक काटकी जमिनीवर आपटून, उलटीपालटी करून पाही. एखादी मुंगी, एखादा किडा तिच्यासोबत जाळात जाऊ नये एवढाच तिचा हेतू असे. रोज दोन वेळा हे चाले. अग्नी पेटवण्यापूर्वी डोळे उघडून पाहायचे, हा धडा अण्णांनी असा नकळत घेतला होता.

"याचं इन्स्पेक्शन कधी झालं होतं?" त्यांनी मुलाला विचारले.

मुलगा गोंधळला. घर विकत घेऊन चार वर्षे झाली होती. फर्नेस वीस वर्षांहून जुना होता, पण बिनतक्रार चालत होता. चालणाऱ्या यंत्राला कशाला हात लावायचा, असा त्याचा विचार होता.

अण्णांनी त्याला आठवण करून दिली. तेव्हाच्या १९२३ च्या बॉयलर कायद्याप्रमाणे कारखान्यातील बॉयलरला दिलेले प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिने चालत असे. दरवर्षी बॉयलर थंड करून, उघडून, निरीक्षकाला दाखवावा लागतो. त्यानंतर हंगामाच्या तोंडावर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. संचालक मंडळ जमते, पूजा होते आणि मगच आग पेटते. हाताखालच्या पोरांना अण्णा नेहमी सांगत, "पूजा एक दिवसाची असते, तपासणी तिच्या आधी महिनाभर चालते."

"अण्णा, हा घरचा फर्नेस आहे, कारखान्याचा बॉयलर नव्हे," मुलगा म्हणाला आणि विषय तेथेच थांबला.

आणखी एक लहानशी गोष्ट त्या दिवसांत घडली होती. तळघराच्या जिन्याजवळ छताला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दर मिनिटाला एकदा टिवटिव करू लागला होता. त्याचे आयुष्य संपत आले होते. अशा अलार्मच्या पाठीमागे बदलण्याची तारीख छापलेली असते आणि बनावटीप्रमाणे पाच ते दहा वर्षांत तो नवा घ्यावा लागतो. टिवटिवीने आक्कांची झोपमोड होते, म्हणून मुलाने तो काढून खणात ठेवला. नवा पुढच्या शनिवारी आणायचा होता. तो शनिवार पुढे ढकलला गेला, डिसेंबरच्या मध्यावर नात जन्माला आली आणि मग सगळ्यांना खणातल्या अलार्मचा विसर पडला.

सुनेचा सव्वा महिना आक्कांनी गावच्या रीतीने सांभाळला. डिंकाचे लाडू झाले, बाळाच्या मालिशसाठी तेल कोमट करणे झाले. सूर्य पाचच्या सुमारास मावळे. त्याआधी जेवणे आटोपली की रात्र फार लांब वाटे. अण्णांना आपल्याकडून काहीतरी काम व्हावे असे वाटू लागले. गॅसचे बिल त्यांच्या नजरेस पडले होते. त्यातील आकडा रुपयांत बदलून पाहिल्यावर त्यांनी काटकसर मनावर घेतली. कोणी नसलेल्या खोल्यांतील गरम हवेच्या जाळ्या त्यांनी बंद केल्या. खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावल्या. पट्ट्या लावणे योग्यच होते. जाळ्या बंद करण्याने मात्र काही बचत होत नाही, उलट नळांतील दाब वाढतो आणि सांध्यांतून अधिक हवा गळते, हे त्यांना पुढे कळायचे होते.

जानेवारीच्या अखेरीस ध्रुवाकडील गार हवेचा लोट खाली सरकणार असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शाळा बंद राहणार होत्या. टपाल खात्याने ३० जानेवारीचे टपाल-वाटपही थांबवले होते. लोकल गाड्यांच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून त्यांच्याशेजारी गॅसच्या ज्वाला पेटवलेल्या दूरचित्रवाणीवर दिसत होत्या. बर्फात पेटलेले रूळ पाहून अण्णा बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले. "गाडी चालायला आग, घर राहायला आग," ते आक्कांना म्हणाले.

२८ तारखेला ते तळघरातील त्या खोलीत डोकावले. तेथे बोचरी गार हवा शिरत होती. शोध घेता बाहेरच्या भिंतीतून आलेला हातभर रुंदीचाही नसलेला पत्र्याचा एक नळ त्यांना दिसला. त्याचे तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर उघडेच होते आणि त्यातून हिवाळा सरळ घरात येत होता. ज्या घरात खिडकीच्या फटीलाही पट्टी लावली, त्या घरात एवढे मोठे भोक कोणी उघडे ठेवले असावे? बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा, असे अण्णांना वाटले. आक्कांनी बाळाच्या दुपट्यांसाठी गावाहून जुनी मऊ लुगडी आणली होती. त्यातील एका लुगड्याची घडी घेऊन अण्णांनी नळाचे तोंड घट्ट बंद केले आणि दाराखालच्या फटीत एक टॉवेल सारला. खोली थोड्याच वेळात उबदार झाली. कामाचे समाधान वाटून ते वर आले. याविषयी त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडले आहे असे त्यांना वाटलेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचे डोके दुखू लागले. रात्री बाळ झोपू देत नाही, असे कारण तिने स्वतःच सांगितले. आक्कांना मळमळले, तेव्हा सकाळचा उपमा जड झाला असावा असे ठरले. अण्णांना गरगरल्यासारखे झाले. त्यांनी रक्तदाबाची गोळी घेतली आहे की नाही ते पुन्हा तपासले. बाळ नेहमीपेक्षा शांत होते आणि त्याचे सर्वांना बरेच वाटले. कोणालाही ताप नव्हता. संध्याकाळी मुलगा ऑफिसातून परतला तो ठणठणीत होता. आक्का सहज बोलून गेल्या, "जो बाहेर जाऊन येतो त्याचं डोकं दुखत नाही. आम्ही घरात बसणारेच तेवढे आजारी." त्या वाक्यात निदान पुरे होते, परंतु ते वाक्य ऐकायला तेव्हा कोणी मोकळे नव्हते.

रात्री अडीचच्या सुमारास वरच्या मजल्यावरचा अलार्म वाजला.

मुलगा धडपडत उठला. तोही बिघडला असावा असे समजून त्याने खुर्ची ओढली आणि अलार्म काढण्यासाठी हात वर केला. तोवर अण्णा कठडा धरून जिना चढून आले होते. या आवाजात आणि खणातल्या अलार्मच्या टिवटिवीत फरक आहे, हे त्यांच्या कानांनी ओळखले होते. बॅटरी संपताना मिनिटाला एकच टिवटिव होत असे. हा आवाज लागोपाठ चार वेळा येई, थांबे आणि पुन्हा चार वेळा येई.

"हात लावू नकोस," अण्णा म्हणाले. "शिट्टी झाली की आधी माणसं बाहेर. कारण मागनं शोधायचं."

हे बॉयलर-हाऊसचे वाक्य होते. चौतीस वर्षांत त्यांनी ते किती जणांना सांगितले असेल याची गणती नव्हती. मुलाने क्षणभर वडिलांकडे पाहिले आणि खुर्चीवरून उतरला. बाळाला गोधड्यांत गुंडाळून पाच जण समोरच्या वृद्ध शेजारणीच्या दारात गेले. बाहेर पारा उणे तीस अंश सेल्सिअसकडे उतरत होता. त्या पहाटे शिकागोच्या विमानतळावर उणे ३१ अंशांची नोंद झाली. शेजारीण झोपेच्या कपड्यांत होती. तिने काही न विचारता दार उघडले आणि बाळाला हातांत घेतले. आक्कांना तिची भाषा येत नव्हती आणि तिला आक्कांची. दोघी रात्रभर एकाच सोफ्यावर बसून होत्या.

अग्निशमन दलाची माणसे थोड्याच वेळात आली. त्यांनी मीटर हातात धरून घर तपासले. वरच्या मजल्यावर हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास भाग कार्बन मोनॉक्साइड होता आणि तळघरात त्याहून पुष्कळ अधिक. गॅसची तोटी बंद झाली, दारे-खिडक्या सताड उघडल्या गेल्या आणि सूनबाई व बाळ यांना रुग्णालयात नेण्यात आले.

हा वायू असा का छळतो, हे तेथील डॉक्टरांनी मुलाला समजावून सांगितले. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि थकवा ही लक्षणे थंडी-तापासारखीच असतात, फक्त ताप नसतो. साध्या हवेत रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात ते निम्म्यावर येते. अमेरिकेत आगीशिवाय केवळ या वायूने अपघाताने मरणाऱ्यांची संख्या वर्षाला चारशेहून अधिक आहे. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना धोका सर्वांत जास्त.

मुलाच्या मनात एक शंका होती. गॅस गळला तर लगेच वास येतो, मग हा का कळला नाही? उत्तर सोपे होते. नैसर्गिक वायूलाही स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत साचलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर इंधनाच्या वायूत मुद्दाम उग्र वास मिसळणे सक्तीचे झाले. कार्बन मोनॉक्साइड मात्र पाइपातून येत नाही, तो अर्धवट जळण्यातून जागच्या जागी तयार होतो. त्याला वास द्यायचा कोणी आणि कसा? अलार्म हेच त्याच्यासाठी माणसाने केलेले नाक. तेही धीम्या चालीचे. दहा लाखांत सत्तर भाग असतील तर अलार्म एक ते चार तासांच्या आत वाजतो, चारशे भाग असतील तर चार ते पंधरा मिनिटांत. म्हणून तो गप्प आहे एवढ्यावरून हवा निर्दोष आहे असे समजता येत नाही.

दुपारी सूनबाई आणि बाळ सुखरूप घरी... म्हणजे शेजारणीच्या घरी परतली. स्वतःचे घर गार पडले होते. नळ गोठून फुटू नयेत म्हणून मुलाने पाण्याचा मुख्य नळ बंद करून तोट्या मोकळ्या केल्या होत्या. मधल्या वेळेत स्वयंपाकाचा गॅस-ओव्हन पेटवून घर थोडे उबदार करावे असे त्याच्या मनात आले होते. अग्निशमन दलाच्या माणसाने त्याला रात्रीच बजावले होते, ओव्हन, कोळशाची शेगडी किंवा जनरेटर यांचा उपयोग घर तापवण्यासाठी कधीही करायचा नाही आणि गॅरेजमध्ये, दार उघडे असले तरी, गाडी चालू ठेवायची नाही. एका विषातून सुटण्यासाठी दुसरे विष घरात आणल्यासारखे ते होते.

संध्याकाळी तंत्रज्ञ आला. त्याच्यासोबत मुलगा आणि अण्णा तळघरात उतरले. दाराखालचा टॉवेल बाजूला करत तो आत गेला, खाली वाकला आणि त्याने नळातून ते लुगडे बाहेर ओढले. मोरपंखी रंगाचे, धुऊन धुऊन विटलेले.

"हे कोणी लावलं?"

मुलाला वाटले, पूर्वीच्या मालकाने. अण्णांनी ते लुगडे ओळखले. बाळाच्या दुपट्यासाठी आणलेले कापड त्यांनी हातात घेतले. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मग ते स्पष्टपणे म्हणाले, "मी लावलं."

तो नळ बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हता. फर्नेसला आणि पाण्याच्या टाकीला जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून आणण्याकरिता तो मुद्दाम बसवला होता. तो बंद झाल्यावर फर्नेसचा पंखा खोलीतलीच हवा ओढून चिमणीत सोडू लागला. खोलीत हवा विरळ झाली. तेव्हा पाण्याच्या टाकीचा धूर, जो आपल्या उष्णतेच्या बळावरच वर चढत असतो, उलटा फिरून खोलीत सांडू लागला. टाकीखालची ज्योत आपलाच धूर पुन्हा श्वासात घेऊ लागली, अर्धवट जळू लागली आणि तेथे विषारी वायू तयार झाला. थंडीमुळे फर्नेस जवळपास अखंड चालू होता, त्यामुळे हे रात्रंदिवस घडत राहिले.

अण्णा एकेक शब्द मुलाकडून समजून घेत होते. हे शास्त्र त्यांना नवे नव्हते. भट्टीची हवा कोंडली की आग आधी धुमसते आणि मग माणसावर उलटते, हे त्यांनी स्वतः शिकवले होते. परंतु कारखान्यात धूर दिसत होता, जाळ दिसत होता. येथे भिंतीवरचे बटण दिसत होते आणि जाळीतून येणारी ऊब तेवढी जाणवत होती. पहिल्या दिवशी "आग कुठं आहे" असे विचारणारा माणूस दोन महिन्यांत आगीला विसरला आणि थंडीच्या मागे लागला.

"चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, हवेची वाट अडवू नका," ते म्हणाले. "आणि नातीच्या घरात मीच अडवली."

मुलाने त्यांना पुढे बोलू दिले नाही. तंत्रज्ञाचे काम अजून संपले नव्हते. त्याने फर्नेसचा फिल्टर बाहेर काढला. तो धुळीने इतका भरला होता की मूळचा पांढरा रंग कोठेच दिसत नव्हता. इंचभर जाडीचा असा फिल्टर हंगामात एक ते तीन महिन्यांनी बदलायचा असतो. तो दीड वर्ष बदलला गेला नव्हता. फिल्टरमधून हवा मिळेना म्हणून घरभर हवा फिरवणारा पंखा पेटीच्या सैल झाकणाच्या फटींतून त्याच खोलीतली हवा जोराने ओढत होता. खोलीतला विषारी वायू वरच्या शयनगृहांपर्यंत पोहोचवण्याचे काम त्या फटींनी केले होते. शेवटी त्याने जिन्याजवळच्या छताकडे पाहिले. तेथे अलार्मची रिकामी बैठक होती.

मुलगा खणातून तो अलार्म घेऊन आला आणि वडिलांसमोर धरला. "हा इथं असता तर आदल्या दिवशीच वाजला असता. अण्णा, तुम्ही एक वाट बंद केलीत. मी तर पाहारेकरीच घरी पाठवला होता."

त्या संध्याकाळी बापलेकांत दोषांची वाटणी अशी झाली. एकाने दुसऱ्याचा दोष दाखवला नाही, प्रत्येकाने आपला उचलला. लुगडे, फिल्टर आणि अलार्म या तीन क्षुल्लक गोष्टी होत्या. वेगवेगळ्या घडल्या असत्या तर कदाचित कोणाच्या लक्षातही आल्या नसत्या. एकत्र आल्या तेव्हा दीड महिन्याच्या जिवापर्यंत पोहोचल्या.

घरातील व्यवहार त्यानंतर बदलला. प्रत्येक मजल्यावर आणि शयनगृहांच्या जवळ नवे अलार्म लागले. इलिनॉयचा कायदा २००७ पासून झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून पंधरा फुटांच्या आत असा अलार्म असावा असे सांगतो. अण्णांनी घरासाठी वेगळा कायदा केला : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक अलार्मचे बटण दाबून आवाज ऐकायचा आणि फिल्टर उजेडासमोर धरून पाहायचा. पलीकडचा उजेड दिसला नाही तर तो बदलायचा, आणि बदलताना त्यावरील बाण फर्नेसच्या पंख्याकडे आहे याची खात्री करायची. फर्नेसच्या खोलीतील रंगाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी आणि जुनी वर्तमानपत्रे हलवून भोवती तीन फूट जागा मोकळी करण्यात आली. ज्योत निळी आणि स्थिर आहे ना, हे काचेतून पाहण्याचे काम अण्णांनी स्वतःकडे ठेवले. ती पिवळी किंवा लवलवती दिसली तर यंत्र बंद करून तंत्रज्ञाला बोलवायचे, असे ठरले.

काटकसरही सुटली नाही, तिची जागा बदलली. रिकाम्या खोल्यांतील जाळ्या उघडल्या. त्याऐवजी तळघरातील गरम हवेच्या नळांचे सांधे मुलाने धातूच्या चिकटपट्टीने बंद केले. सामान्य घरात नळांतून खेळणाऱ्या हवेपैकी वीस ते तीस टक्के हवा अशा फटींतून वाया जाते. थर्मोस्टॅटच्या बाबतीतही नियम आहे : दिवसातून आठ तास तापमान सात ते दहा अंश फॅरनहाइटने खाली ठेवले तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. बाळ लहान असेपर्यंत हा नियम राखून ठेवावा, असे आक्कांनी ठरवले आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

उन्हाळ्यात मुलाने जुना फर्नेस काढला. तो शंभर रुपयांचा गॅस घेऊन जेमतेम ऐंशी रुपयांची ऊब देत होता, उरलेली चिमणीतून आकाशात जात होती. नवा पंचाण्णवच्या वर देतो. त्याच्या धुरात इतकी थोडी उष्णता उरते की त्यातील वाफेचे पाणी होते, त्यामुळे पत्र्याच्या चिमणीऐवजी प्लास्टिकचे नळ भिंतीतून बाहेर काढतात. जळण्यासाठी लागणारी हवाही तो वेगळ्या नळाने थेट बाहेरून घेतो. पाण्याच्या टाकीसाठी मात्र चिमणीची दुरुस्ती स्वतंत्र करावी लागली आणि तिचा जुना हवेचा नळ होता तेथेच उघडा राहिला.

हे सर्व होईपर्यंत अण्णा आणि आक्का गावी परतले होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, ऊस पाण्याखाली गेला आणि कारखान्याचा हंगाम लांबला. ऑक्टोबर अर्धा उलटला तरी बॉयलर पेटला नव्हता. एका रविवारी रात्री मुलाचा व्हिडिओ-कॉल आला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर तळघर दिसले.

"अण्णा, आज आमचं अग्निप्रदीपन आहे."

तंत्रज्ञ शुक्रवारी तपासणी करून गेला होता. मुलाने नवा फिल्टर उलटसुलट करून वडिलांना दाखवला आणि बाणाची दिशा पाहून आत सरकवला. सुनेने जिन्याजवळच्या अलार्मचे बटण दाबले. चार वेळा आवाज, विराम, पुन्हा चार वेळा. सांगलीकडच्या त्या अंगणात तो स्पष्ट ऐकू आला. सुनेच्या कडेवर दहा महिन्यांची नात होती. आवाजाने दचकून ती आईला बिलगली आणि तिच्या अंगावरचे दुपटे घसरले. विटलेल्या मोरपंखी रंगाचे ते दुपटे आक्कांनी निघण्यापूर्वी शिवून ठेवले होते.

मुलगा फर्नेस सुरू करणार, इतक्यात अण्णांनी हात वर केला.

"थांब. आधी बाहेर जा आणि हवेची वाट दाखव."

मुलगा फोन घेऊन घराला वळसा घालून गेला. भिंतीतून आलेल्या नळांभोवती पडलेली मेपलची लाल पाने त्याने हाताने बाजूला केली. नळांची तोंडे मोकळी झालेली अण्णांनी पाहिली.

"आता पेटव," ते म्हणाले.